कोड दिला, मग तक्रार कशाची?

मी लातूरला कॉम्प्युटर शिकवतो. "सर, कंपनीनं लायसन पाळलं, सोर्स कोड दिला. मग तुमची तक्रार कशाची?" हे मुलं दर वर्षी विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो. सोर्स कोड म्हणजे प्रोग्रामचा माणसाला वाचता आणि बदलता येणारा मूळ मजकूर.

औसा तालुक्यात आमचं रान आहे, दादा ते बघतो. ठिबकसाठी त्यानं एक कंट्रोलर, म्हणजे ठरल्या वेळी पाणी सोडणारी पेटी, बसवला. आमच्याकडं शेतीची थ्री फेज लाईट पाळीपाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. पेटीतल्या वेळा मात्र ठरलेल्या. लाईट येईल तेव्हा पाणी सुटावं, एवढाच बदल त्याला हवा होता. "पोरायला हेच शिकवतोस ना? मग एवढं करून दे की," म्हणाला.

पेटीत लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम होती. ती जीपीएल या लायसनखाली मिळते; प्रोग्राम वापरायचा, बदलायचा, वाटायचा हक्क हे लायसन देतं. वेळापत्रकाचा प्रोग्रामही जीपीएलखालचाच होता. जीपीएलची दुसरी आवृत्ती १९९१ची. तयार प्रोग्राम ज्याच्या हाती दिला त्याला सोर्स कोड मिळालाच पाहिजे, आणि त्याच्या हक्कांवर जास्तीची बंधनं घालायची नाहीत, असं तिच्यात स्पष्ट लिहिलंय. मी कंपनीला मेल केला. दीड महिन्यानं कोड आला, तोही पूर्ण. दोन रविवार बसून बदल केला आणि पेटीत टाकला. पेटी सुरूच होईना. सुरू होताना ती प्रोग्रामवर कंपनीची डिजिटल सही आहे का ते तपासते; नसेल तर तिथंच थांबते. ती सही करायची गुप्त किल्ली कंपनीकडं. मागितली तर नाही म्हणाले.

दादाला हे समजावताना मला सोयाबीन आठवलं. तो घरचं बियाणं राखतो. पेरणीआधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवतो, सत्तरच्या वर उगवले तर पेरतो. बी राखायचा, पेरायचा, शेजाऱ्याला द्यायचा हक्क शेतकऱ्याला २००१च्या कायद्यानं दिलाय. माझं ऐकून तो म्हणाला, "म्हणजे बी आपल्याला दिलं, पण आपल्याच रानात पेरायचं नाही?" कोड मागण्याचं कारणच मुळी तो बदलून आपल्या यंत्रावर चालवणं हे आहे. नुसता वाचायला मिळालेला कोड दादाच्या काय कामाचा?

ही युक्ती जुनी आहे. टीव्हीचे कार्यक्रम रेकॉर्ड करणाऱ्या अमेरिकेतल्या टीवो या यंत्रानं हेच केलं: कोड दिला, पण बदललेला कोड यंत्र चालवून घेईना. म्हणून जून २००७मध्ये आलेल्या जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत बदललेला प्रोग्राम बसवायला लागणारी माहितीही द्या, अशी अट घातली गेली. लिनक्स सुरू करणारे लिनस टोरवाल्ड्स यांना ती पटली नाही, आणि लिनक्सचं कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, दुसऱ्याच आवृत्तीखाली राहिलं. यंत्र कसं बनवायचं हे बनवणाऱ्यानं ठरवावं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे, पण इथं मी त्यांच्या बाजूचा नाही. दादानं पेटीचे पैसे मोजलेत, पेटी त्याची आहे. शिवाय ती नवी अट मुख्यतः घरगुती वस्तूंपुरती आहे. शेतातली पेटी बहुधा तिच्यात बसणारच नाही, हे मला फार सलतं.

हा हक्क टाळायच्या वाटा आणखीही आहेत. प्रोग्राम आपल्याच सर्व्हरवर चालवून नुसती सेवा विकली, तर प्रोग्राम कुणाच्या हाती दिलाच जात नाही, म्हणून कोड द्यायची वेळच येत नाही. ती वाट अडवायला एजीपीएल हे वेगळं लायसन आलं. रेड हॅट या कंपनीनं जून २०२३मध्ये एंटरप्राइझ लिनक्स या आपल्या लिनक्सचा कोड सगळ्यांसाठी उघडा ठेवणं बंद केलं. आता तो ग्राहकांना मिळतो, पण पुढं वाटला तर ग्राहक-करार धोक्यात येतो. यानं जीपीएल मोडतं का, यावर जाणकारांत वाद आहे. माझ्या मते, शिक्षेची भीती घालून दिलेला हक्क अर्धाच दिलेला असतो.

दादाच्या पेटीचा कोड मी वर्गात वाचायला देतो. वेळापत्रकाचा भाग जेमतेम तीनशे ओळींचा आहे, आणि माझा बदल त्यातल्या अकरा ओळींचा. गेल्या मंगळवारी रात्री दोन वाजता लाईट आली आणि दादा बॅटरी घेऊन रानात गेला.