पू नसलेलं गँग्रीन

विसर्जनाच्या दिवशी पुण्यात मोठी ऑपरेशनं टाळायची, हा आमचा अलिखित नियम. ऐनवेळी रक्त लागलं तर आणणार कुठून? पण काकांच्या बाबतीत थांबण्यात अर्थ नव्हता.

ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कॅन्सर, नुकतीच झालेली केमो, न्यूट्रोफिल्स, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, शंभरच्या आत. ताप उतरेना म्हणून छातीचा सीटी झाला, कल्चर पाठवली, अँटिबायोटिक्स बदलली. चादर मात्र कुणी उचलली नाही. सुनेसमोर आणि राउंडवरच्या पोरींसमोर काका कशाला बोलतील? अंग पुसताना वॉर्डबॉय मामांना वास आला. निदान त्यांचं, पण केसपेपरवर त्यांचं नाव कुठेच नाही.

वृषणाच्या पिशवीवर रुपयाएवढा काळा डाग, बाजूला सूज, दाबलं की बोटाखाली चुरचुर. लाली नाही, पू नाही. ऑन्कॉलॉजिस्ट म्हणाले, "पू नाही ना? मग काउंट वाढू द्या, बघू." अहो, पू म्हणजे बहुतांशी मेलेल्या पांढऱ्या पेशीच. त्याच नाहीत, तर पू होणार कशाचा? हे फूर्निए गँग्रीन, गुप्तांगाभोवतीची कातडी आणि तिच्याखालचा थर सडवणारं. ते वर दिसतं त्याहून कितीतरी जास्त आत पसरलेलं असतं. ते काउंटसाठी थांबत नाही.

रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स जेमतेम बारा हजार. मुलगा एसडीपीची, म्हणजे एकाच दात्याच्या प्लेटलेट्सची, पिशवी घेऊन मिरवणुकीच्या गर्दीतून चालत आला, आणि सांगितल्याप्रमाणे बर्फाशिवाय. निम्मे लोक बर्फात घालून आणतात आणि प्लेटलेट्स वाया घालवतात.

चीर दिली तर आत करडं, पातळ पाणी. बोट सरकवलं तसा कातडीखालचा थर सायीसारखा सुटत जांघेपर्यंत गेला. ताजं रक्त दिसेपर्यंत कापत राहायचं. पिशवीची कातडी जवळजवळ सगळी गेली. आतली वृषणं मात्र गुलाबी, कारण त्यांची रोहिणी थेट पोटातल्या महाधमनीतून येते, कातडीची वेगळी. "मॅडम, काढायची का?" रेसिडेंटने विचारलं. हल्ली ॲनाटॉमी पहिल्या वर्षाबरोबरच संपते. सलाइनच्या गॉजमध्ये गुंडाळून ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये घेऊन कडा आणखी कापल्या.

काउंट वर आले आणि जखमेत पू दिसला. सिस्टर धावत सांगायला आल्या. मी त्या आठवड्यात पहिल्यांदा निवांत चहा प्यायले.

मांडीची कातडी लावली आहे, बहुतेक धरली आहे. एका कोपऱ्यात अजून ओल आहे. ऑन्कॉलॉजिस्ट पुढच्या केमोची तारीख मागताहेत आणि त्यांचंही चुकत नाही, उशीर झाला तर ल्युकेमिया उलटेल. पण केमो दिली की काउंट पुन्हा शून्याकडे जाणार. मी सोमवारपर्यंत थांबायला सांगितलं आहे.