अपडेटनंतर स्क्रीन १०२४ बाय ७६८ वर अडकली तर

नौपाड्यातलं सीएचं ऑफिस असो की वाशीच्या एपीएमसीतला गाळा, जुन्या पीसीवर लिनक्स टाकून व्यवस्थित काम चालतं. मग ग्राफिक्सचं अपडेट येतं, रीस्टार्ट होताच स्क्रीन १०२४ बाय ७६८ पिक्सेलवर येऊन अक्षरं फुगलेली दिसतात आणि लगेच नव्या मॉनिटरचा भाव काढला जातो. तो खर्च बहुतेक वेळा फुकट जातो.

आधी ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, बघा. टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय -के' चालवा (इथल्या सगळ्या कमांड इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या, पोर्टची नावं मात्र मोठ्या अक्षरांत). ग्राफिक्स कार्डाखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ हवी: इंटेलला आय९१५, एएमडीला एएमडीजीपीयू किंवा रेडिऑन, एनव्हिडियाला नूवो किंवा एनव्हिडिया. ओळच नसेल तर ग्रबच्या (पीसी सुरू होताना लिनक्स चढवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंगमध्ये 'नोमोडसेट' हा ग्राफिक्स ड्रायव्हर अडवणारा पर्याय राहून गेलाय का ते तपासा. असेल तर तो काढून 'अपडेट-ग्रब' चालवा. एनव्हिडियाच्या बाबतीत नव्या कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) हेडर्स, म्हणजे ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फाइली, नसल्यामुळे मोड्यूल, म्हणजे कर्नलमध्ये चढणारा ड्रायव्हर, तयारच झालेलं नसतं, ते 'डीकेएमएस स्टेटस' या कमांडमध्ये कळतं. तयार होऊनही चढत नसेल तर सिक्युअर बूट ही पीसीची सुरक्षा सोय डिजिटल सही नसलेलं मोड्यूल अडवत असते.

ड्रायव्हर चालू आहे, तरीही १०२४ बाय ७६८ च? मग संशय केबलवर. मॉनिटर आपली माहिती (कुठली रिझोल्यूशन चालतात वगैरे), म्हणजे ईडीआयडी, स्वतः पाठवतो. व्हीजीएमध्ये ती १२ आणि १५ नंबरच्या पिनमधून येते. स्वस्त केबलमध्ये या पिन जोडलेल्या नसतात, कन्व्हर्टरमध्येही ही माहिती अडकते. ती मिळाली नाही की कर्नल १०२४ बाय ७६८ च्या वर जातच नाही. सिस, त्यात क्लास, त्यात डीआरएम अशा फोल्डरांत त्या पोर्टची ईडीआयडी फाइल असते. 'एलएस' तिचा आकार नेहमी शून्यच दाखवतो, त्यावर जाऊ नका. 'डब्ल्यूसी -सी'ने मोजा. १२८ किंवा त्याच्या पटीत बाइट हवेत. शून्य आलं तर आधी दुसरी केबल लावून बघा, बाकी सगळं नंतर.

केबल बदलणं शक्य नसेल तर एक्स-ऑर्गवर (स्क्रीनवर चित्र दाखवणाऱ्या लिनक्सच्या जुन्या व्यवस्थेवर) 'सीव्हीटी १९२० १०८० ६०' चालवा. त्यातून १७३ मेगाहर्ट्झची मोडलाइन, म्हणजे त्या रिझोल्यूशनची मापं असलेली ओळ, मिळते. ती 'एक्सरँडर' या कमांडला 'न्यूमोड'ने द्या, 'अ‍ॅडमोड'ने पोर्टला जोडा, मग 'आउटपुट' आणि 'मोड' देऊन लावा. रीस्टार्टनंतर हे पुसलं जातं, म्हणून लॉगिनला चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ठेवा. वेलँडवर, म्हणजे एक्स-ऑर्गच्या जागी आलेल्या नव्या व्यवस्थेवर, ही युक्ती चालत नाही. तिथे ग्रबमधल्या कर्नलच्या ओळीत 'व्हिडिओ=व्हीजीए-१:१९२०एक्स१०८०@६०' लिहायचं.

पोर्टचं नाव मात्र नीट बघून लिहा. इंटेलच्या जुन्या एक्स-ऑर्ग ड्रायव्हरमधला 'एचडीएमआय१' मोडसेटिंग या नव्या ड्रायव्हरमध्ये 'एचडीएमआय-१' होतो, तर कर्नलला तोच 'एचडीएमआय-ए-१' म्हणून माहीत असतो. अपडेटनंतर जुनी स्क्रिप्ट अचानक बंद पडते, त्यामागे अनेकदा एवढंच असतं.