आमची वाटचाल : एअर ब्रेकपासून एअर सस्पेन्शनपर्यंत

कुडाळच्या एमआयडीसीत बाबांनी गॅरेज टाकलं ते ट्रकच्या एअर ब्रेकच्या कामावर. मासळीच्या गाड्या, आंब्याच्या गाड्या, चिऱ्याच्या गाड्या. पुढे मुंबई-गोवा धावणाऱ्या खासगी व्होल्वो बस वाटेत खोळंबायला लागल्या, तेव्हा आम्ही एअर सस्पेन्शनचे बेलो, म्हणजे स्प्रिंगेच्या जागी गाडी तोलून धरणाऱ्या हवेच्या रबरी पिशव्या, बदलायला शिकलो. २००८ साली टाटांनी लँड रोव्हर घेतली. मग हळूहळू त्याच कंपनीच्या, असेच बेलो असलेल्या चाकरमान्यांच्या डिस्कव्हरी आणि रेंज रोव्हरही दारात यायला लागल्या. या गाड्या बघून बाबा बिचकले नाहीत. हवा ती हवाच, ट्रकातली काय नि साहेबाच्या गाडीतली काय!

तक्रार बहुतेक एकच असते. "गाडी रातीची बसता, चालू केलंय की उठता." त्यावर बाबांचा पहिला प्रश्न आजही तोच, "खंयचो कोपरो?" अर्धं निदान तिथेच होतं. एकच कोपरा बसत असेल तर त्या चाकाचा बेलो किंवा त्याच्या पाइपचा जोड बघायचा. पुढची किंवा मागची दोन्ही चाकं एकदम खाली येत असतील तर संशय चाकाचाकाला हवा वाटून देणाऱ्या व्हॉल्व्ह ब्लॉकवर. गाडी मुळीच उठत नसेल तर आधी फ्यूज आणि रिले, मग हवा भरणारा कॉम्प्रेसर.

आमच्याकडे येणारी पुष्कळ मंडळी शहरातून नव्या कॉम्प्रेसरचं कोटेशन खिशात घेऊनच येतात. कॉम्प्रेसर गेलेला असतोही, पण तो का गेला हे कोणी विचारलेलं नसतं. बारीक गळती असली की तो पुन्हापुन्हा चालू होतो, तापतो आणि झिजत जातो. गळती तशीच ठेवून नवा बसवला तर त्याचीही तीच गत. म्हणून आम्ही आधी गाडी ऑफ-रोड उंचीवर नेतो. डिस्कव्हरी ३ मध्ये ही उंची नेहमीपेक्षा साधारण ५५ मिलिमीटर जास्त. एरवी घडीत लपलेल्या रबराच्या भेगा तेव्हा उघड्या पडतात. साबणाचं पाणी मारलं की बुडबुडे स्वतःच पत्ता सांगतात. स्कॅनर आम्हीही घेतला आहे, चांगलाच महाग पडला. पण तो बिघाडाचा कोड देतो, भोक दाखवत नाही.

कोकणाची म्हणून काही दुखणी आहेत. पावसाळ्यातली दमट हवा ओढून ओढून, कॉम्प्रेसरची हवा कोरडी करणाऱ्या ड्रायरमधले दाणे ओलावा धरेनासे होतात. त्यांची भुकटी झाली की ती व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये शिरते, मग व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. त्यामुळे कॉम्प्रेसर उघडला की ड्रायर बघितल्याशिवाय आम्ही तो बंद करत नाही. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या गाड्यांत खारी हवा आणि तांबडा चिखल मिळून गाडीची उंची मोजणाऱ्या हाइट सेन्सरचे सांधे जाम करतात. हवा कुठेच गळत नसते, तरी गाडी तिरकी उभी. सेन्सर बदलल्यावर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने माप घेऊन उंची स्कॅनरमध्ये भरावी लागते. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते टाळणारे पुष्कळ आहेत.

नायलॉनचा पाइप पक्कडीने तोडायला मुलांना सक्त मनाई आहे. काप तिरका झाला की जोड पुन्हा गळतो. आणि चॅसीखाली स्टँड लावल्याशिवाय चाकाच्या कमानीत हात घालायचा नाही. हवा गेली की गाडी कोणाची वाट बघत नाही.

"कटकट नको, साध्या स्प्रिंगा घाला" असं म्हणणारेही भेटतात. गाडी जुनी आणि वापर जेमतेम असेल तर आम्ही घालून देतो. पण उंची वर-खाली करायची सोय त्यात जाते, हे आधी सांगतो. घाटात आणि कातळावर गाडी घालणाऱ्यांना मात्र परत पाठवतो.

गाडी दाखवायची असेल तर मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आधी आणा. ती रात्रभर आमच्याकडे उभी राहू द्या, कारण गळती शोधायला रात्र लागतेच. गणपतीच्या आठवड्यात आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसते.