मूळ फोटो कोणता?

वन्संच्या बोलण्यात दुखावण्याचा हेतू नव्हता, हे मला ठाऊक आहे; तरीही त्यांचे वाक्य कालपासून मनातून जात नाही. चार फोटो जोडून मी कॉम्प्युटरवर केलेले बैलाचे चित्र त्यांनी बराच वेळ न्याहाळले, छान झाले आहे म्हणाल्या आणि मग विचारले, "पण वहिनी, यातला मूळ फोटो कोणता? हे तर सगळे कॉम्प्युटरने केलेले ना?" मी काही बोलले नाही आणि चहा ठेवायला उठले.

तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल मी खिडकीपाशी पांढऱ्या चादरीवर ठेवून टिपला होता. पाणी फुटाळा तलावाचे, तेही मे महिन्यातले. नागपूरच्या मे महिन्यातले आकाश फोटोत पांढरेफटक येते, म्हणून वरचे ढग श्रावणातले घेतले. त्या सगळ्यावर नागपूरच्याच महाल भागातल्या एका वाड्याच्या पोपडे सुटलेल्या भिंतीचा थर 'मल्टिप्लाय' लावून टाकला. त्यात वरच्या थरातला पांढरा भाग नाहीसा होतो आणि गडद तेवढे खाली उतरते, त्यामुळे भेगा उरल्या आणि भिंत गेली. शिंगांच्या कडा मास्कवर, म्हणजे थराचा कोणता भाग दिसावा आणि कोणता झाकावा हे ठरवणाऱ्या पडद्यावर, काळ्या-पांढऱ्या ब्रशने मोकळ्या करण्यात कितीतरी संध्याकाळी गेल्या. खिडकीचा उजेड डावीकडून आणि तळ्यावरचा सूर्य उजवीकडे, म्हणून बैल आरशातल्यासारखा फ्लिप केला आणि त्याची सावली नव्याने रंगवली. भेगांनी बैलाच्या पाठीवर कुठे थांबावे, हे कॉम्प्युटरने ठरवलेले नाही.

साठी उलटलेले माणूस काही शिकू लागले की घरचे त्याला विरंगुळा म्हणतात, आणि वेळ चांगला जातो ना, एवढेच विचारतात. इतकी वर्षे ऑफिसात दुसऱ्यांच्या नोंदी लिहिण्यात गेली. त्यानंतर पहिल्यांदा जे निव्वळ माझे म्हणून हातून उतरले, त्याचे श्रेय यंत्राला जावे, हे मला फार लागले. यांनी ते पाहिले असते तर... पण तो विषय आज नको.

रात्री झोप येईना, तेव्हा जुन्या छायाचित्रकारांविषयी पुन्हा वाचत बसले. गुस्ताव ल ग्रे १८५०च्या दशकात समुद्राचे फोटो काढत असे. तेव्हा फोटो ज्यांवर उमटत, त्या कलोडियन या रसायनाचा थर दिलेल्या काचा निळ्या प्रकाशाला इतक्या संवेदनशील होत्या, की समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश कोरे होऊन जाई. म्हणून काही चित्रांसाठी तो आकाशाची वेगळी निगेटिव्ह वापरी आणि दोन्ही क्षितिजाच्या रेषेवर जोडी. कारण निराळे, पण अडचण माझ्या मे महिन्याचीच. ऑस्कर रेय्लांडरने १८५७ मध्ये तिसाहून अधिक निगेटिव्ह जोडून एकच चित्र उभे केले, त्यावर टीका झाली आणि तरीही व्हिक्टोरिया राणीने त्याची प्रत विकत घेतली. फोटोंवर असे काम करण्याचे सॉफ्टवेअर फोटोशॉप १९९० चे, त्यात थर आले ते १९९४ मध्ये. जोडकाम त्याच्या कितीतरी आधीचे आहे.

मग सासूबाईंचा फोटो आठवला. तो वन्संच्याच दिवाणखान्यात आहे. मूळचा कृष्णधवल, गालांवरचा गुलाबी आणि लुगड्याच्या काठाचा सोनेरी रंग स्टुडिओवाल्याने हाताने भरलेला. त्या फोटोला आम्ही सगळे नमस्कार करतो आणि तो खरा की रंगवलेला, हे आजवर कोणी विचारलेले नाही. हे लक्षात आल्यावर माझा राग उतरला. वन्संच्या लेखी फोटो म्हणजे घडलेल्या क्षणाची साक्ष, आणि गाल रंगवले तरी सासूबाई त्या खुर्चीत खरोखर बसल्या होत्या. माझा बैल फुटाळ्यावर कधी गेलाच नाही. तेवढा त्यांचा मुद्दा खरा आहे, आणि तो मान्य करूनही मला माझे चित्र तितकेच आवडते. त्यांना ते पटेल असे नाही; पटले नाही तरी आता चालेल.

आज सकाळी ते छापण्याच्या दृष्टीने तपासले. ए-थ्री आकारात ३०० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके धरून छापायचे तर ४९६१ बाय ३५०८ पिक्सेल लागतात. बैल, पाणी आणि भिंत तेवढी पुरतात, पण ढग जुन्या मोबाईलवर टिपलेले असल्यामुळे कमी पडतात आणि मोठे केले की विरघळल्यासारखे दिसतात. ते ताणत बसण्यापेक्षा छपाई लांबवून या पावसाळ्यात नवे ढग टिपायचे ठरवले आहे.