तुम्ही विचारलंत म्हणून: व्हॉल्व्हचा आवाज खरंच नैसर्गिक असतो का?

परभणीत आमच्या घरी येणारा प्रत्येक जण टेबलावरच्या माझ्या घरी बनवलेल्या ॲम्प्लिफायरच्या त्या पेटलेल्या व्हॉल्व्हकडे, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळीकडे बघतो आणि दोनच गोष्टी विचारतो. एवढ्या खटाटोपातून पाचच वॅट? आणि याचा आवाज खरंच नैसर्गिक असतो का?

पहिलं सोपं आहे. ईएल ८४ जातीच्या एका व्हॉल्व्हमधून क्लास ए मध्ये, म्हणजे व्हॉल्व्हमधून करंट सतत वाहता ठेवला की, साधारण एवढंच निघतं, आणि आमच्या खोलीला ते पुरतं. दुसरा प्रश्न मी टाळत आलो, त्याला कारण आमचे काका.

काका गावच्या भजनात पखवाज वाजवतात. पखवाजाच्या धुमाला, म्हणजे खर्जाच्या डाव्या तोंडाला, कणीक लावली की आवाज भरदार होतो. पहिला ॲम्प्लिफायर तयार झाला त्या रात्री त्यांना मुद्दाम बोलावलं, पखवाजाचंच रेकॉर्डिंग लावलं. दोन मिनिटं ऐकून म्हणाले, "कामून रे, यानं धुमाला कणीक लावली न्हाई का?"

मी भडकलो. तीन महिने खपलो होतो. मीटर पुढे केला, १००० हर्ट्झला सगळं बरोबर होतं. वर बोलून गेलो, "काका, आता तुमचे कान थकले." ते काही बोलले नाहीत. अर्धा चहा तसाच ठेवून चपला घातल्या. मी दारापर्यंतही गेलो नाही.

आठवड्याने ५० हर्ट्झ लावून बघितलं आणि कपाळावर हात मारला. आउटपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांना जोडणारा, मी पंपाच्या मोटारी भरणाऱ्याकडून भरून घेतला होता. त्याने गाभ्याच्या 'ई' आणि 'आय' आकाराच्या लोखंडी पट्ट्या एक इकडून, एक तिकडून अशा बसवल्या, साध्या ट्रान्सफॉर्मरला बसवतात तशा. पण इथे एकाच व्हॉल्व्हचा ४८ मिलिअँपियर डीसी त्याच गुंडाळ्यातून सतत वाहतो. गाभा तेवढ्यानेच चुंबकत्वाने भरून जातो आणि खर्ज गळतो. सगळ्या 'ई' एका बाजूला, 'आय' दुसऱ्या बाजूला, मध्ये कागद, असं हवं होतं. त्याला ते सांगायचं काम माझं होतं.

कागद घालून झाल्यावर काकांना आणायला मीच गेलो. ऐकलं त्यांनी. "आता कणीक जास्त झाली."

म्हणजे पुन्हा मीच. त्या काळी मी वहीत लिहून ठेवलं होतं, 'फीडबॅक म्हणजे आवाजाची गळचेपी', आणि तो, म्हणजे बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा भाग चूक सुधारायला परत आत देणं, काढूनच टाकला होता. फीडबॅक नसला की स्पीकरच्या कोनाला लगाम राहत नाही, थाप संपली तरी तो हलतच राहतो. वहीतलं ते वाक्य अजून खोडलेलं नाही, कारण गाणाऱ्या बाईचा आवाज मला आजही फीडबॅकशिवायच आवडतो.

आणि खरं सांगायचं तर व्हॉल्व्ह स्वतःचंही मिसळतो, बरंचसं दुप्पट कंपनांचं, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर. टोचत नाही एवढंच, पण भेसळ ती भेसळ. त्यात आमची लाईन! संध्याकाळी १९० व्होल्ट, रात्री शेतातले पंप बंद झाले की २४० च्या वर. बायस, म्हणजे व्हॉल्व्हमधून किती करंट वाहायचा ते ठरवणारा व्होल्टेज, कुठल्या वेळेचा धरायचा?

आता मागे एक बटण बसवलंय, फीडबॅक चालू-बंद करायला. काका यायचे असले की ते चालू आहे की बंद हे आधी बघून घेतो.