लिहिलं, वाचलं, पुसलं

दोन वर्षं मी एका ऑनलाइन ग्रुपवर नुसती वाचत बसायचे. रोज. कोणाचं कोणाशी पटत नाही, कोण कुठलाही विषय असला तरी आपलं गाडं त्याच एका मुद्द्यावर आणून उभं करतो, सगळं पाठ झालेलं, घरातल्या माणसांसारखं. पण त्या घरात मी आहे हे कोणाला माहीतच नव्हतं कारण मी एक अक्षर लिहिलं नव्हतं. म्हणजे लिहिलं होतं, खूपदा लिहिलं होतं, पण लिहायचं, परत वाचायचं, ऱ्हस्व-दीर्घ तपासायचं, मग आपल्याला काय कळतंय यातलं असं म्हणायचं आणि पुसून टाकायचं.

अशा माणसाला मराठीत वाचनमात्र म्हणतात. काय सभ्य शब्द आहे! इंग्रजीवाले लर्कर म्हणतात, म्हणजे दबा धरून बसलेला, जसं काही आपण अंधारात कोणाचं पाकीट मारायला आलोय. आणि गंमत म्हणजे वाचनमात्रच जास्त असतात. याकोब नील्सन म्हणून वेबसाइट्स वापरायला सोप्या कशा होतील यावर काम करणारा एक माणूस आहे, त्याने २००६ मध्ये एक ढोबळ हिशोब मांडला होता, की शंभरातले ९० नुसते वाचतात, ९ जण अधूनमधून काहीतरी टाकतात आणि बहुतेक सगळं लिखाण उरलेल्या एकाचं असतं. हे वाचल्यावर मला एकदम हायसं वाटलं. आपण ज्याला ‘सगळ्यांचं मत’ समजून घाबरत असतो ते त्या एकाचं असतं, आणि तो एक सगळ्यात हुशार असतो असंही काही नाही, त्याच्याकडे वेळ असतो.

मी लिहायला लागले ती पंख्यामुळे. कोणीतरी विचारलं होतं की सीलिंग फॅन पाचवर ठेवला तरी एकवर असल्यासारखा फिरतो, काय करू. दोन दिवस झाले तरी एकही उत्तर नाही. आणि मला उत्तर माहीत होतं हो! माझ्याच पंख्याचं हेच झालं होतं आणि इलेक्ट्रिशियनने पाच मिनिटांत कंडेन्सर बदलून दिला होता, ती काळी चपटी डबीसुद्धा मी ड्रॉवरमध्ये ठेवली होती, का ते विचारू नका. तर रात्री अकराला मी ते लिहिलं. पुसलं. परत लिहिलं. शेवटी डोळे मिटून बटण दाबलं आणि फोन उलटा ठेवला, जसा काही तो आता फुटणारच आहे.

दहा मिनिटांनी बघते तर तीन उत्तरं. मी लिहिलं होतं ‘२५ चा कंडेन्सर आणा’. अहो २५ नाही, अडीच! २.५ एमएफडी, म्हणजे मायक्रोफॅरड, हे कंडेन्सरचं माप. टिंब खाल्लं होतं मी. एकाने लिहिलं २५ चा एसीला लागतो. दुसऱ्याने लिहिलं आधी मेन स्विच बंद करायला सांगा, मग बाकीचं. तिसऱ्याने तर कंडेन्सर कमजोर झाला की पंखा का मंदावतो ते नीट समजावून सांगितलं, की त्या मोटरमध्ये दोन वाइंडिंग असतात आणि कंडेन्सरमुळे दुसरीतला करंट पहिलीच्या मागेपुढे होतो म्हणून पंख्याला फिरायचा जोर मिळतो. मी वाचत होते आणि कान गरम झाले होते. पण मग लक्षात आलं, की ही तिन्ही माणसं दोन दिवस गप्पच होती ना? त्यांनाही येतच होतं की उत्तर. माझं टिंब गळलं म्हणून ती उठली.

याला कनिंगहॅमचा नियम म्हणतात हे नंतर कळलं. पहिलं विकी बनवणाऱ्या वॉर्ड कनिंगहॅमच्या नावावर तो खपतो, की इंटरनेटवर बरोबर उत्तर हवं असेल तर प्रश्न विचारू नका, चुकीचं उत्तर टाका. अर्थात मुद्दाम चुकीचं टाकायला जाऊ नका, विजेच्या बाबतीत तर अजिबातच नाही.

पण मला खरं खात होतं ते वेगळंच. आता सगळे हसत असतील, उद्या नाव दिसलं की ‘ती टिंबवाली’ म्हणतील. यावर कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग आहे, २००० साली छापून आलेला. एकेका विद्यार्थ्याला बॅरी मॅनिलो या गायकाचा चेहरा असलेला, त्या मुलांना लाज वाटेल असा टीशर्ट घालून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवायचं. घालणाऱ्याला वाटायचं की जवळजवळ निम्म्या लोकांनी चेहरा ओळखला असणार. प्रत्यक्षात ओळखायचे साधारण पाव. एवढं मोठं थोबाड छातीवर, तरी पाव! माझं टिंब कोण लक्षात ठेवतंय.

खेकसणारे भेटतात, नाही असं नाही. ‘आधी सर्च करा’ हे तर ठरलेलं. कधीकधी ते बरोबरही असतं, तोच प्रश्न दर आठवड्याला आला की जुनी माणसं वैतागतात. पण ही कटकटही जुनीच आहे, युजनेट नावाच्या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांच्या काळात दर सप्टेंबरला कॉलेजची नवी पोरं यायची आणि जुने लोक महिनाभर डोक्याला हात लावून बसायचे, मग १९९३ च्या सुमारास घरोघरची माणसं तिथे यायला लागली आणि तो सप्टेंबर संपलाच नाही असं ते अजून म्हणतात. आज खेकसणारासुद्धा कुठल्यातरी सप्टेंबरात आलेलाच आहे. फक्त पहिलंच लिखाण राजकारणाच्या चर्चेत टाकू नका, तिथे मुरलेल्यांचीही डोकी फुटतात. पंखा, नळ, हरवलेला पासवर्ड असलं काहीतरी बघा. ‘माझ्याकडेही असंच झालं होतं’ एवढंसुद्धा चालतं, विचारणाऱ्याला तेवढ्यानेही धीर येतो.

त्या पंखावाल्याचं पुढे काय झालं माहीत नाही, तो परत फिरकलाच नाही.

परवा एकीने लिहिलं होतं, पहिल्यांदाच लिहितेय, मराठी टायपिंगची सवय नाही, प्रश्न बाळबोध वाटेल, कोणी आधी विचारला असेल तर माफ करा, चुभूद्याघ्या. असा भलामोठा परिच्छेद आणि खाली एका ओळीचा प्रश्न, की वॉशिंग मशीन कपडे पिळताना सरकत सरकत दारापर्यंत येतं, काय करायचं. मी लगेच टाइप करायला घेतलं, आधी चारही पाय जमिनीला टेकतायत का बघा, एखादा वर असेल तर स्क्रूसारखा फिरवून खाली घ्या, नवीन असेल तर मागचे वाहतुकीचे बोल्ट काढायचे राहिलेत का तेही बघा. पाठवायला गेले तर प्रश्न गायब. तिने पुसला होता.

तर बाई, कोण आहात माहीत नाही, पण प्रश्न परत टाका. उत्तर टाइप करून ठेवलंय.