शीटमध्ये माणसांचा कॉलमच नव्हता

मी ट्रॅफिक सर्व्हेचं काम करतो. म्हणजे चौकाचौकात पोरं बसवायची, कुठल्या प्रकारची गाडी किती वेळा गेली त्याच्या रेघा मारून घ्यायच्या आणि रात्री बेरजा. मागच्या गळीत हंगामात सांगली-मिरज रोडला विश्रामबागजवळ काम होतं, एक पोरगा तापानं आलाच नाही म्हणून त्याची शीट मीच घेऊन बसलो, आणि कितीतरी वर्षांनी स्वतः रेघा मारल्या म्हणूनच हे दिसलं.

सकाळची साडेनऊची वेळ. वालचंद, विलिंग्डन कॉलेजची पोरंपोरी, मिरजेच्या दवाखान्यांना निघालेले पेशंट, ऑफिसवाले, मध्येच उसाचा ट्रॅक्टर. बसथांब्यापुढं तीन कार लावून ठेवलेल्या, एकीतही माणूस नाही. थांब्यावरची सगळी गर्दी त्या कारच्या पुढं येऊन डांबरावर उभी. सांगलीकडनं सिटी बस आली, कडेला घ्यायला जागाच नाही म्हणून ड्रायव्हरनं रस्त्यातच उभी केली. एक मावशी, हातात एक्सरेची पिशवी, गुडघा वाकत नव्हता, खालच्या डांबरावरनं ती पायरी केवढी उंच होते! दोनदा पाय टाकला, दोनदा काढला, मग कंडक्टरनं खाली उतरून आधार दिला. तोवर मागं हॉर्नचा नुसता कल्ला. एकजण काच खाली करून ओरडला, "ह्या बसमुळंच सगळं तुंबतंय राव!" त्याला तसं वाटणारच, कारण मागनं फक्त बस दिसते, थांब्यावर लावलेल्या कार तिच्या आड गेलेल्या असतात.

बस गेली. मी बसच्या रकान्यात एक रेघ मारली आणि हात थांबलाच माझा. आत दाटीवाटीनं साठेक माणसं होती, ती एका रेघेत. आणि ज्या तीन कारमुळं हे झालं त्या तर हलतच नव्हत्या, त्यांना शीटमध्ये रेघच नाही.

आमच्यात सगळ्या गाड्यांचं कारमध्ये रूपांतर करतात, म्हणजे कुठली गाडी किती कारएवढा रस्ता अडवते ते धरतात, पीसीयू म्हणतात त्याला. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1990 च्या कोडात कार 1, दुचाकी 0.5 किंवा 0.75, आणि ट्रक-बस एकाच ओळीत, 2.2 किंवा 3.7. म्हणजे वाळूचा ट्रक आणि माणसांनी भरलेली बस, कागदावर दोन्ही सारखेच. रस्ता किती अडला हे मोजायला ते बरोबरच आहे, पण त्याच आकड्यावरनं रस्ता कुणासाठी रुंद करायचा हे ठरवायला लागलो की बस म्हणजे नुसती अडचण दिसते. केंद्राच्या 2006 च्या शहरी वाहतूक धोरणात स्पष्ट लिहिलंय की गाड्या नव्हे, माणसं हलवायचीत. मग ती मोजायला नकोत का?

मी पेनानं शीटच्या कडेला एक रकाना आखला, 'आत माणसं'. कार आली की डोकी बघायची, एक, एक, दोन, परत एक.

दुपारी एक कार माझ्याजवळच थांबली. मागच्या सीटवर आई, उशीला टेकलेली, डायलिसिसला मिरजेला चाललेले. मुलानं विचारलं, "साहेब, रस्ता रुंद होणार का? आईला आठवड्यातनं तीनदा न्यायला लागतं, बसनं कसं नेऊ सांगा." त्याचं काहीच चुकत नव्हतं. मी म्हटलं, दादा, तुमची कार पाहिजेच, पण ह्या कॉलेजच्या पोरांना वेळेवर बस मिळाली तर त्यातले निम्मे गाडी काढणार नाहीत, मग तुमचाच रस्ता मोकळा होईल. बस अडकते म्हणून उशिरा येते, उशिरा येते म्हणून पोरं घरात हट्ट धरून गाडी घेतात, आणि त्या गाड्यांत बस अजून अडकते, हे मी गेली काही वर्षं डोळ्यांनी बघतोय. तो "बघा काहीतरी" म्हणाला आणि गेला.

रात्री शीटा पाठवल्या, सरांचा लगेच फोन, "अरे हा कडेचा रकाना कुणी सांगितला तुला?" म्हटलं सर, कुणी नाही, पण काढू नका. शेऱ्यात पण लिहिलंय बघा, 'थांब्यावर पार्किंग, बस रस्त्यातच थांबते.' थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "एकाच शीटचा आकडा घेऊन जाता येत नाही. उद्या सगळ्या पोरांना आखून दे."

रात्री साडेअकरापर्यंत पट्टी घेऊन बसलो होतो.